मंडईचा मेल

लोक ई-मेलला फोटो जोडतात, बिलं जोडतात. आमचे शेजारी गभणे काका प्रत्येक मेलला आपलं प्रकल्पग्रस्त असल्याचं प्रमाणपत्र जोडतात. गोल शिक्का नीट दिसावा म्हणून स्कॅन एवढा मोठा, की उघडताना फोन गरम व्हावा. मागोमाग आधार कार्ड, दोन्ही बाजूंनी.

कारण एकच. काकांचा मेल सगळ्यांकडे स्पॅममध्ये जातो.

"पाठवनारा कोन हाय ते मालूम नाई म्हनते मशीन. आता शिक्क्यानिशी सांगून राह्यलो, तरी आयकत काहून नाई गा?"

काका जवाहरनगरच्या फॅक्टरीत गेटवर होते. पास विसरला म्हणून सख्ख्या साळ्याला त्यांनी उन्हात परत पाठवलं होतं. ओळख पटल्याशिवाय कुणाला आत सोडू नये, हे त्यांना मनापासून मान्य. फक्त त्यांना स्वतःला कुणी अडवू नये.

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आम्ही कोंढ्याकडच्या पुनर्वसन वसाहतीत आलो, शिकलेली पोरं पुण्या-हैदराबादला गेली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. त्या दिवशी बाहेर गेलेला माणूस गावी येतो, घरोघरी पाहुणे आणि रात्री दंडार, नाचगाण्याचा खेळ. बुडालेल्या गावाची ती मंडई काकांना पुन्हा भरवायची होती. त्यासाठी त्यांनी गावाच्या नावानं डोमेन घेतलं, पोरांचे पत्ते जमवले आणि दर रविवारी आमंत्रण धाडायला सुरुवात केली. विषय असा: "अत्यंत तातडीचे!!! लवकर या!!! जेवण फुकट!!!" हा मेल स्पॅममध्ये गेला नसता तरच नवल.

"फोन करा न जी काका," मी दर रविवारी सांगायचो.

"फोनवर बलावलं त लोक भिडेपायी हो म्हनतात. वाचून आला तो खरा आला."

मी कॉम्प्युटरची कामं करतो, म्हणजे ही पीडा माझ्याच दारी. यंदा वैतागून बसलोच. या गावाच्या नावानं मेल धाडायचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे, त्याची नोंद डोमेनवर केली. प्रत्येक मेलवर आपोआप सही होईल अशी सोय केली. प्रमाणपत्र काढायला लावलं, त्यावरून दोन दिवस अबोला झाला. उद्गारचिन्हं मात्र त्यांनी एकेक करून सोडली, दाढ उपटल्यासारखा चेहरा करून.

आणि मेल पोचला. पुण्याला, हैदराबादला, थेट इनबॉक्समध्ये.

"आता पाह्य, पोरं येतेत!" म्हणत काकांनी मंडप सांगितला, दंडारवाल्यांना सुपारी दिली.

उत्तरं आली दोन. एकानं लिहिलं, "कृपया माझं नाव यादीतून काढावं." दुसऱ्यानं लिहिलं, "काका, हा ऑफिसचा पत्ता आहे." बाकीच्यांनी वाचलं आणि गप्प बसले.

मंडईच्या दिवशी काका धुतलेलं धोतर नेसून फाट्यावर उभे होते. बसमधून आमच्याच वसाहतीतल्या बाया उतरल्या, बाजाराच्या पिशव्या घेऊन. दंडार झाली. आम्हीच नाचवली, आम्हीच पाहिली. मला त्या पोरांचा संताप आला आणि स्वतःच्या हुशारीचाही.

दुसऱ्या दिवशी काका आमच्या ओट्यावर येऊन बसले. चहाला नको म्हणाले.

"बापू, थे तू जे केलं ना, मेल पोचाचं," ते म्हणाले, "थे काढून टाकता येते का?"

"कायले जी?"

"पोचत नोयता तवा बरं होतं. मले वाटे, बिचाऱ्याइले मालूमच नाई."

मी लॅपटॉप आणला आणि केलेलं सगळं त्यांच्यासमोर पुसलं. पुढच्या रविवारी त्यांनी पुढच्या मंडईचं आमंत्रण धाडलं, प्रमाणपत्रासकट, आणि कुंपणावरून मला हाक मारली.

"काहून गा, स्पॅममध्येच गेलं असन ना?"

"हो जी काका," मी म्हणालो. "सगळ्यांकडे."