लिंबाजीमामा आणि तिसरा गिअर

आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला शंभरेक माणसं जेवून गेली आणि घर छान झालंय म्हणून सांगून गेली. लिंबाजीमामांनी मात्र ताटावर बसण्याआधी खिशातून फिलर गेज काढला, गुडघे टेकून आमच्या देवघराच्या दारात घातला आणि चार पाहुण्यांसमोर निकाल दिला, "सर, वरून अख्खी जुडी जाऊन राह्यली, खालून एक पान जात न्हाई. सुताराला जल्दी बोलवा."

फिलर गेज म्हणजे पोलादाच्या पातळ पानांची जुडी. प्रत्येक पानावर त्याची जाडी कोरलेली असते. यंत्राच्या फटीत पान सरकवायचं आणि फट मोजायची. लोक खिशाला पेन लावतात, मामा हे लावतात.

लिंबाजीमामा माझे सख्खे मामा नाहीत. परतूरच्या आमच्या अख्ख्या गल्लीचे ते मामा आहेत. कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर होते, आता निवृत्त आहेत. "अंदाज नको, माप सांगा" हे वाक्य ते दिवसातून इतक्या वेळा म्हणतात की भाजीवाली त्यांना बघितलं की आधीच तराजू पुसून ठेवते. एकदा डॉक्टर त्यांना म्हणाले, रोज थोडं चालत जा. मामा उठेचनात. "थोडं म्हंजे किती?" शेवटी बाहेरचे पेशंट कुरकुरायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी कागदावर 'दोन हजार सातशे पावलं' असं लिहून दिलं. मामा आजही तेवढीच चालतात. पावलं रस्त्यात संपली तर तिथंच उभे राहतात आणि मग परतीची नवी मोजायला लागतात.

मी शाळेत गणित शिकवतो. तरी माझ्या मापावर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

मामांची जुनी स्कूटर आहे, हाताची मूठ फिरवून गिअर टाकायची. तिच्यावर मागं एका बाजूला पाय सोडून मामी बसणार आणि दोघं सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांकडं हिंडणार, असं कित्येक वर्षं चाललं होतं. गेल्या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाला घनसावंगीला निघाले असताना चढावर तिसरा गिअर निसटला, पुन्हा धाडकन बसला आणि त्या हिसक्यानं मामी रस्त्यावर पडल्या. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण मामी त्या स्कूटरवर पुन्हा बसल्या नाहीत. कुठं जायचं तर मामी काळीपिवळी जीपमधून पुढं आणि मामा स्कूटरवरून एकटे मागं. जीप थांबली की हेही थांबणार. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "मामा, तुम्हीच बसा की आत." मामा म्हणाले, "मंग स्कूटर काय मोकळी धाडू?"

दिवाळीनंतर मामांनी इंजिन उतरवलं. आपल्या ओट्यावर गोणपाट टाकून इंजिनाच्या दोन फाका केल्या. मला समजलं ते असं. गिअरची चार चाकं एका दांड्यावर शेजारी शेजारी बसतात आणि शेवटी त्यांना एक वायसर, म्हणजे भोक असलेली चपटी पोलादी चकती, अडवून धरतो. वायसर आणि चाक यांच्यात केसाएवढी फट पाहिजे. फट कमी पडली तर चाकं तापून आवळतात, जास्त झाली तर गिअर निसटतो. बाजारातला पातळ वायसर ढिला बसत होता, जाड घट्ट बसत होता आणि मधल्या मापाचा जालन्यापर्यंत कुठं मिळेना. मग मामा जाड वायसर घासून उतरवायला बसले. काचेवर पॉलिश पेपर ठेवायचा, वायसर बोटांनी दाबून चाळीस फेरे घासायचे, रॉकेलात धुवायचा, पुसायचा, दांड्यावर चढवायचा, मोजायचा. की पुन्हा चाळीस.

सहाव्या दिवशी मी शाळेतून येताना सवयीनं म्हणालो, "काय मामा, झालं का?" त्यांचे मोजलेले फेरे चुकले. वायसर जास्त घासला गेला. मामांनी तो पुसून माझ्या तळहातावर ठेवला. "ह्यो तुमचा. देवघराच्या दाराला लावा."

मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मामांनी नवा जाड वायसर घासायला घेतला आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी मी फेरे मोजायला त्यांच्या ओट्यावर बसू लागलो. घासायचे ते, मोजायचो मी. एवढ्यापुरता त्यांनी माझ्या गणितावर भरवसा ठेवला.

त्यातच एका संध्याकाळी त्यांनी डब्यातून स्कूटरचा जुना वायसर काढून दांड्यावर चढवला. "इथं घाला फिलर." मी पान घातलं, बरोबर बसलं. "आता फिरवा, इथं घाला." तिथं दोन पानं सैल गेली. वायसर एका बाजूनं झिजलेला होता.

"लग्नाच्या आदल्या दिवशी मीच गिअर खोलला व्हता, सर. बसवायला सकाळ झाली. ही चपला घालून उभी. चार जागी मोजायचं असतं, मी एकाच जागी मोजलं. बराबर आलं, दिलं बसवून." मामांनी जुना वायसर डब्यात टाकला. "दोन मिनिटं लागले असते."

"मामींना सांगितलंय का?"

"काय तोंडानं सांगू? तिला वाटून राह्यलं, स्कूटरच जुनी झाली."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंदाजांना धारेवर धरणारा माणूस. मी म्हणालो, "चला, चाळीस."

अकराव्या दिवशी चारही जागी एकच पान बरोबर बसलं. इंजिन जोडलं. पण मामीएवढं वजन मागं नसताना गिअरची परीक्षा कशी व्हायची? मामा मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात गेले, आणि सरकीचं पोतं भरून घेताना काट्यावरच्या माणसाला सगळ्यांदेखत म्हणाले, "बावन्न किलो बिलकुल बराबर भर. दवाखान्याच्या केसपेपरवर आमच्या घरच्यांचं वजन तेवढंच हाय." पोतं मागच्या सीटवर सुतळीनं बांधलं आणि तीन दिवस ते परतूरभर फिरले. लोक चहाचे कप हातात धरून बघत होते. गिअर एकदाही निसटला नाही. मामींनी मात्र बोलणं टाकलं. अख्ख्या मोंढ्याला माझं वजन सांगून आले, हे त्यांनी आमच्या घरी येऊन चारदा सांगितलं.

चौथ्या सकाळी मामा पोतं चढवत होते. आता तपासायचं काही उरलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. मामींना 'मागं बस' म्हणायची हिंमत होत नव्हती, एवढंच. तेवढ्यात मामी बाहेर आल्या. अंगावर गावाला जायची साडी, हातात पिशवी.

"उतरवा ते पोतं. घनसावंगीला बहिणीकडं जायचंय मला."

मामांनी पोतं उतरवलं. मग सीट पुसत, मान वर न करता म्हणाले, "आधी ऐक. त्या दिवशी स्कूटरची चूक नव्हती. मी माप नीट घेतलं नव्हतं."

"ठावं हाय. अकरा दिवस तुमचं तोंड बघून राह्यले मी," मामी म्हणाल्या आणि मागं बसल्या.

मामांनी मला खूण केली. आवाज ऐकायला मी माझ्या गाडीवर शेजारून चाललो. गाव सुटलं, रस्ता मोकळा झाला, तरी मामा दुसऱ्याच गिअरवर. इंजिन नुसतं किंचाळत होतं. मामांची मूठ पांढरी पडली होती, पण फिरत नव्हती. समोर तोच चढ दिसायला लागला.

मामी एरवी मागच्या स्टेपनीला धरून बसत. चारचौघांत नवऱ्याला धरायची आमच्याकडं त्यांच्या वयाच्या बायकांना सवय नाही. त्यांनी पिशवी मांडीवर सरकवली, तो मोडून जुळलेला हात मामांच्या खांद्यावर ठेवला आणि त्यांच्या कानाशी वाकल्या.

"टाका तिसरा. मी धरलंय."

मामांनी तिसरा टाकला. मी गाडी कडेला घेतली आणि दोघं चढ चढून पलीकडं दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. तो हात खांद्यावरून हलला नव्हता.