कावळा नंतर येतो

साडेअकरा वाजत आले तरी कावळा काही शिवेना.

उणकल तळ्याकाठच्या दगडावर पुंडलिक मास्तरांच्या दहाव्याचा पिंड सकाळपासून ऊन खात पडला होता. वरच्या चिंचेवर वीस-पंचवीस कावळे होते, पण त्यातला एक खाली उतरेल तर शपथ. तिकडे केशवापुरातल्या घरी, कावळा शिवल्याचा फोन येईपर्यंत कोणी पानावर बसणार नव्हतं, आणि मास्तरांच्या बायकोला, शकुंतलाबाईंना, साखरेचा त्रास.

"काहीतरी मागं राहिलंय बघ अण्णाचं," मास्तरांचे धाकटे भाऊ प्रभंजनकाका पुतण्याला म्हणाले. "वचन दे की रे मुकुल. नुसता काय उभारलास?"

मुकुलनं हात जोडले. "अप्पा, आईला सांभाळीन."

कावळे ढिम्म.

"घर विकणार नाही. तुमची पुस्तकं रद्दीत घालणार नाही."

एका कावळ्यानं मान वाकडी करून खाली बघितलं आणि पुन्हा पंख साफ करायला घेतले.

"हुबळीचा कावळा हाय, त्याला मराठी कुठलं कळतंय!" म्हणत काकांनी वर तोंड करून "बारप्पा, बा!" अशी खाली यायची कन्नडात आर्जवं केली. तेही फुकट गेलं तेव्हा त्यांचा धीर सुटला. "अण्णा, तुझा रेडिओ चोरीला गेला नव्हता रे, मीच नेलता! आणून देतो बाबा!" कावळे तेवढ्यानंही हलले नाहीत. "रेडिओ उगीच गेला," काका पुटपुटले.

विठ्ठल गुरुजींना बारा वाजता धारवाडात दुसरं काम होतं. त्यांनी पिशवीतून दर्भ काढला. "शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करू, शिववू आणि मोकळे होऊ."

"थांबा गुरुजी," मुकुल म्हणाला. अप्पांचं काय मागं राहिलंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सकाळपासून तेवढं सोडून बाकी सगळं बोलून झालं होतं.

मास्तरांनी जन्मात एकच पुस्तक लिहिलं, 'अकरा पिसांचा कावळा'. आई गेलेला एक पोरगा तिला परत आणायला मरणाच्या मुलखात जातो आणि एक म्हातारा कावळा त्याला वाट दाखवतो, अशी ती अद्भुत गोष्ट. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांतल्या दोन पिढ्या ती वाचून रडल्या होत्या. शेवटच्या दाराशी आई समोर दिसते. कावळा म्हणतो, हाक मारलीस तर येईल, पण मग तिची सुटका नाही. पोरगा ओठ चावतो आणि हाक न मारता माघारी फिरतो. त्या एका पानासाठी आपण सगळं पुस्तक लिहिलं, असं मास्तर म्हणत.

पुढं बेंगळुरूच्या एका कंपनीनं त्यावर सिनेमा काढायचं ठरवलं. "कावळा अपशकुनी दिसतो," निर्माता म्हणाला, "गरुड करू या. लोकांना चालतो." गरुड सोनेरी, वर आग ओकणारा. पोरगा त्रिशुळानं दार फोडतो, आईला खांद्यावर घालून आणतो, आणि मग गाणं. अप्पांचा हात थरथरायचा म्हणून त्यांच्या वतीनं सह्या मुकुलनं केल्या आणि घरी येऊन सांगितलं, "सगळं तसंच ठेवणार आहेत."

दवाखान्यात अप्पांनी मोबाईलवर ट्रेलर बघितला. "कावळा कुठाय रे?"

"नंतर येतो अप्पा."

अप्पांनी ट्रेलर आणखी तीनदा लावायला सांगितला आणि तिन्ही वेळा शेवटपर्यंत डोळे ताणून वाट बघितली. चौथ्या दिवशी ते गेले.

तो पिंडापुढे गुडघे टेकून बसला. "अप्पा, सिनेमात कावळा नाही. आधी नाही, नंतरही नाही. शेवटही बदललाय. मला ठाऊक होतं, तरी मी सही केली. खोटं बोललो तुमच्याशी." आणि दहा दिवसांत न रडलेला मुकुल मिटल्या डोळ्यांनी हमसून हमसून रडला.

एवढ्यात पंखांचा मोठा आवाज झाला. काकांनी भक्तिभावानं हात जोडले. मुकुलनं डोळे उघडले तेव्हा दगड मोकळा होता, आणि पांढऱ्या डोक्याची, तांबूस पंखांची एक भली मोठी घार अख्खा पिंड पायांत धरून तळ्यावरून निघाली होती.

"घार," गुरुजी म्हणाले.

"गरुड म्हणा!" काका म्हणाले. "आमच्याकडं ह्यालाच गरुड म्हणत्यात. साक्षात देवाचं वाहन. कावळ्यापेक्षा भारी की!"

गुरुजींनी घड्याळ बघितलं. "तसं... पक्षी तर आहेच. लोकांना चालतं."

हे वाक्य मुकुलनं आधी एकदा ऐकलं होतं, आणि तेव्हा त्यानं मान डोलावली होती.

"मला चालत नाही," तो म्हणाला. "कावळाच पाहिजे. गुरुजी, दुसरा पिंड करा."

"अरे, वैनी उपाशी हाय तिकडं!" काकांनी तक्रार करायला घरी फोन लावला. तिकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "घार शिवून कसं चालेल, भावजी? थांब म्हणावं त्याला. मीही थांबते."

गुरुजींनी सुस्कारा सोडला, धारवाडला उशीर होईल म्हणून कळवलं आणि भात वळायला घेतला. नवा पिंड दगडावर ठेवल्यावर मुकुल मागं सरून बसला. या खेपेला त्यानं वचन दिलं नाही की हाक मारली नाही. चिंचेवर आता जेमतेम दहा कावळे उरले होते.

"आणि नाहीच आला तर?" काकांनी हळूच विचारलं.

"येतो काका," मुकुल म्हणाला. "नंतर येतो."

काकांनी त्याच्याकडे एकदा बघितलं, छत्री उघडली आणि दोघांच्या डोक्यावर धरून शेजारी बसले.