टाकीवरची राखण

अर्जुनरावांचा गॅस चोरीला गेल्याचं वडनेर भोलजीत कळलं ते पौषातल्या एका सकाळी. अर्जुनराव लोटा घेऊन गोठ्यामागे गेले आणि तसेच ओरडत परत आले.

"गेला! चार बोटं गॅस गेला!"

गावात आजवर कोंबड्या गेल्या होत्या, कापूस गेला होता, मोटेचा दोर गेला होता. हवा चोरीला जायची ही पहिलीच वेळ. लोक दात घासता घासता धावत आले.

गोठ्यामागे शेणपाण्यानं भरलेला पक्का खड्डा होता आणि त्यात एक पालथी लोखंडी टाकी. शेणातून निघालेला गॅस आत साचला की टाकी वर उचलली जायची. आदल्या संध्याकाळी अर्जुनरावांनी खड्ड्याच्या काठाबरोबर टाकीला चुन्याची रेघ ओढली होती. ती रेघ आता चार बोटं खाली गेली होती.

हा गॅस सुभद्राबाईसाठी होता. ती जन्मभर चुलीपुढे खोकली. कोणी डोळे पुसताना पाहिलं तर नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "धुरानं पाणी येते बाप्पा. यायच्यासाठी रडाले मले टाइम कुठी हाय?" खड्डा खणून झाला आणि ती गेली. बाकीचं काम कित्येक महिने रखडलं. उद्या तिचं वर्षश्राद्ध होतं. तो स्वयंपाक तरी बिनधुराच्या आगीवर करायचा, असं अर्जुनरावांच्या मनात होतं. म्हणून टाकी वर आल्यापासून त्यांनी एकदाही गॅस पेटवून पाहिला नव्हता. नुसता साठवत होते.

संशय शेजारच्या शालिग्रामवर गेला. त्याच्या छपरातून हल्ली धूर निघत नव्हता, चहा मात्र होत होता. शिवाय काल तो गळ्यात सायकलची ट्यूब घालून गोठ्यामागून जाताना दिसला होता.

"काऊन बे शालिग्राम, चहा कायच्यावर करून राह्यला तू?" अर्जुनरावांनी विचारलं.

"ष्टोवर. मलकापूरहून आणला. तुले काय करा लागते?"

"आन् गयात ट्यूब कायची होती?"

"पंक्चरची!"

"रिकामी नेली अशीन आन् भरून आणली अशीन!"

"अरे, तुहा गॅस भरला असता त सायकलले शेणाचा वास नसता आला? हुंगून पाह्य!"

दोघा-तिघांनी खरंच सायकल हुंगली. शेणाचा वास आला. शालिग्राम सायकल आपल्या गोठ्यातच ठेवत असे.

आता शालिग्रामचा आवाज चढला. "माह्या अन्नपूर्णेनं तुह्या बायकोले शेवटपर्यंत पेज पाजली. आन् मी तुह्या घरी चोरी करीन?"

अर्जुनरावांनी टाकीला चुन्याची नवी रेघ ओढली आणि वर चढून मांडी घालून बसले. "तू इथीच उभा राह्य, माह्यापुढं. आता कसा जाते गॅस, थे पाह्यतो!"

सगळे रेघेकडे पाहू लागले. रेघ खाली चालली होती.

मग मागून एकजण म्हणाला, "चोर समोर, मालक वर, आन् माल चालला मधातून!"

"दाबून धरा रे!" अर्जुनराव ओरडले. दोन धिप्पाड माणसं मदतीला वर चढली. टाकी तिरकी झाली, काठातून गुडगुड आवाज आला आणि अशी घाण सुटली, की हुंगणारे सगळ्यात आधी पळाले.

"उतरा आधी!" हे लक्ष्मीकांत गुरुजी. शाळा सोडून गर्दी पाहायला आले होते. तिघं उतरले. टाकी हळूच वर आली.

"वजन टाकलं की आतला गॅस दाबला जातो, शेणपाणी बाजूनं चढतं, टाकी खाली बसते," गुरुजी म्हणाले. "थंडीचंही तसंच. गॅस आखडतो. गॅस तेवढाच असतो, जागा कमी घेतो. ऊन लागलं की पुन्हा फुगतो."

"म्हंजे सकायचे चार बोटं?"

"थंडीनं नेले होते. दुपारी परत केले असते."

शालिग्राम सायकल उचलून घरी गेला.

"राह्यला तेवढा त पेटन ना?" अर्जुनरावांनी विचारलं. गुरुजींनी नळी उघडून काडी धरली. काडी विझली. दुसरीही विझली.

"पहिला गॅस असाच असतो. यात आग विझवणारा वायू जास्त. जडही असतो तो. हा सोडून द्यायचा. मागून भरतो तो जळतो."

"सोडून द्याचा?"

"सगळा."

अर्जुनरावांनी नळी उघडी ठेवली आणि ज्याची राखण केली होती, तो गॅस जाताना बघत बसले.

दुसऱ्या दिवशी ते चुलीत काड्या घालत होते, तेव्हा अन्नपूर्णाबाई दारातून आत आल्या. हातात स्टो होता.

"थे म्हनतात, याच्यात घासलेट हाय. गॅस नाही, म्हनून सांगजो."

स्टोवर कढी झाली, वडे झाले. घरात धूर नव्हता. अर्जुनराव भिंतीशी बसून उपरण्यानं डोळे पुसत होते.

"धूर त नाही भाऊ," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"ठंडी हाय," अर्जुनराव म्हणाले.

फाल्गुनात गॅस पेटला. शालिग्रामची माफी मागायची अजून राहिली आहे.