पोटाशी नऊ अंडी

"अडतीस वर्षं एकेका वर्गात साठ-साठ पोरं सांभाळली मी! आठ कोंबड्या अन् एक मधमाश्यांची पेटी म्हंजी काय? तू तुझ्या डोळ्याचं बघ. इथली फिकीर बिलकूल करू नको!"

बोरीच्या एसटी स्टँडवर पंडित गुरुजी हे इतक्या मोठ्यानं म्हणाले की जिंतूरच्या गाडीत चढणारी माणसंसुद्धा पायरीवर थांबून पाहायला लागली.

गुरुजींच्या पत्नी सुलाबाई परभणीला निघाल्या होत्या. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता. न्यायला लेक सुकेशनी आली होती. खिडकीजवळ जागा मिळाली, पिशवी मांडीवर आली, तरी सुलाबाईंच्या सूचना संपेनात.

"कोंबड्यांना पाणी कोमट करून ठेवा. सांज व्हायच्या आत खुराड्याचं दार लावा, मुंगूस टपून ऱ्हातंय. अन् कवडीला अंड्यावरून उठवू नका. आज एकोणीस दिस झाले. बुधवारी पिल्लं फुटतील."

"ध्यानात हाय."

"अन् पेटीला हात लावू नका."

"अगं, पेटी माझी हाय! पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलंय मी!"

"म्हणूनच म्हणायले."

गाडी हलली तरी खिडकीतून सुलाबाईंचं बोट हलतच होतं.

कवडी म्हणजे काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेली कोंबडी. पावसाळ्यात तिची सगळी पिल्लं मुंगसानं नेली होती. आठ दिवस ती मेथीच्या वाफ्यातून, वालाच्या वेलाखालून ओरडत हिंडत राहिली आणि तिच्या मागोमाग सुलाबाई. त्या आठ दिवसांत घरातली भाजी रोज खारट झाली, पण गुरुजींनी ती ताटात कधी टाकली नाही. आता पुन्हा कवडी खुडूक झाली, उबवायला बसू लागली, तेव्हा सुलाबाईंनी एकेक अंडं उजेडात धरून निवडलं आणि बांबूच्या डालग्यात भुसा घालून नऊ अंडी तिच्याखाली ठेवली. "नव्या डोळ्यानं आधी पिल्लं बघीन, मग बाकीची दुनिया," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या.

घरी येताच गुरुजींनी भिंतीवर खडूनं वेळापत्रक लिहिलं. सात वाजता दाणे, साडेसातला पाणी, आठला मेथी, साडेआठला वांगी. दहापर्यंत सगळी कामं आटोपली आणि गुरुजी अंगणात खुर्ची टाकून बसले. रिकामं बसलेल्या गुरुजीच्या डोक्यात जे येतं तेच त्यांच्या डोक्यात आलं. सुधारणा!

जानेवारीचा महिना. थंडी अशी की आंघोळीचा पहिला तांब्या अंगावर घेताना माणूस स्वतःचं नाव विसरावा. मधमाश्यांची पेटी शेवग्याच्या सावलीत होती. गुरुजींना वाटलं, बिचाऱ्या माश्या गारठल्या असतील. ऊन कुठं येतं? खुराड्याशेजारी. कवडीच्या डालग्यापासून चार पावलांवर. मग पेटी तिथंच नेलेली काय वाईट? कवडीलाही सोबत!

पेटी हलवायची ती संध्याकाळी, माश्या आत गेल्यावर आणि तोंड बंद करून, हे प्रशिक्षणात तिसऱ्या दिवशी शिकवलं होतं. तिसऱ्या दिवशी गुरुजींना पाहुण्यांकडं जेवायला जायचं होतं, म्हणून ते लवकर उठून आले होते.

त्यांनी डोक्यावरून मच्छरदाणी घेतली, पेटी उचलली आणि "चला बायांनो उन्हात!" म्हणत निघाले. दहा पावलं झकास गेली. अकराव्या पावलाला मच्छरदाणीचं टोक पायाखाली आलं. गुरुजी एकीकडे, पेटी दुसरीकडे, झाकण तिसरीकडे!

पुढची पाच मिनिटं शेजारच्या व्यंकटरावांनी कुडावरून पाहिली. पांढऱ्या मच्छरदाणीतला एक माणूस मेथी तुडवत, वांगी ओलांडत अंगणाला फेऱ्या मारत होता आणि त्याच्या मागे घूं घूं करत काळा ढग.

"गुरुजी! काय करायलाव हो?"

"धूर करा! धूर!" मच्छरदाणीतून आवाज आला.

व्यंकटरावांनी गोवऱ्या पेटवल्या. धूर झाला, माश्या निवल्या, कशाबशा पेटीत परतल्या. झाकण बसलं. पण तोवर एक माशी मच्छरदाणीच्या आत शिरून गुरुजींच्या डाव्या डोळ्याच्या पापणीला भेटून गेली होती, आणि दुसरी कवडीच्या तुऱ्याला. कवडी किंचाळत डालग्यातून उठली ती थेट व्यंकटरावांच्या गोठ्याच्या पत्र्यावर!

दोघांनी तिला उतरवलं, आणून अंड्यांवर बसवलं. ती उठली. पुन्हा बसवलं. तिनं गुरुजींच्या हाताला चोच मारली आणि पुन्हा पत्र्यावर जाऊन बसली. व्यंकटरावांच्या बायकोनं, बायनाबाईनं, लांबूनच निकाल दिला.

"आता न्हाई बसायची ती. भ्यालीय. अंडी गार पडली की गेली बगा."

"तुमची एखादी खुडूक हाय का?"

"न्हाई हो. माझ्या समद्या अंडी घालायल्यात."

गुरुजींनी बुटांच्या खोक्यात कापूस घातला, वर बल्ब सोडला आणि अंडी आत मांडली. बल्ब लागला. गुरुजींनी कपाळाचा घाम पुसला. आणि लाईट गेली! चौकशी केली तर कळलं, पलीकडं तार तुटलीय, कधी येईल सांगता येत नाही.

गुरुजींनी एक अंडं गालाला लावून पाहिलं. जरासं कोमट होतं. दुसरं थोडं कमी. डोळा एव्हाना बटाटेवड्याएवढा झाला होता, त्या मिटल्या डोळ्यापुढं त्यांना सुलाबाई दिसल्या. पावसाळ्यातल्या. वेलाखाली वाकून "ये ये ये" म्हणणाऱ्या.

गुरुजी उठले. सुलाबाईंचं जुनं निळं लुगडं काढलं, त्याची लांब घडी केली, तिच्यात नऊ अंडी ओळीनं ठेवली आणि पोटाला गुंडाळली. वरून बनियन, सदरा, स्वेटर. बायनाबाई भाकरी घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अगं बया! हे काय हो गुरुजी?"

"कुणाला सांगू नका," गुरुजी म्हणाले. "दोनच दिवसांचा प्रश्न हाय."

त्या दोन दिवसांत वाकायचं नाही, पालथं व्हायचं नाही, शिंकायचं तर भिंतीला धरून. भाकरी उभ्यानं खाल्ली, झोप भिंतीला टेकून बसल्या बसल्या काढली. दर दोन-चार तासांनी एकेक अंडं हलक्या हातानं फिरवायचं, कवडी चोचीनं फिरवायची तसं.

मंगळवारी दुपारी फोन आला. ऑपरेशन चांगलं झालं होतं. सुकेशनीनं फोन आईकडे दिला.

"कवडी कशीय?" हा पहिला प्रश्न.

"बरीय."

"अंड्यावर बसलीय नं नीट?"

गुरुजींनी आयुष्यात पोरांना खोटं बोललं म्हणून छड्या मारल्या होत्या. त्यांनी पोटावर हात ठेवला. "अंडी एकदम पोटाशी हायत. हलायला तयार न्हाई."

"गुणाची गं माझी!" सुलाबाई म्हणाल्या. गुरुजींना उगाच आपलंच कौतुक झाल्यासारखं वाटलं.

मग सुकेशनी म्हणाली, "बाबा, उद्या पट्टी काढणारेत. आई म्हणतीय तुम्ही आल्याबिगर काढू देणार न्हाई."

झालं! बुधवारी सकाळी कोंबड्या बायनाबाईवर सोपवून गुरुजी नऊ अंड्यांसकट एसटीत चढले. दोन्ही हात पोटावर, एक डोळा बंद. त्यांना पाहून गाडी आपसूक बाजूला झाली. एका बाईनं उठून जागा दिली.

"बसा मामा. ऑपरेशन झालंय का?"

"व्हायचंय," गुरुजी म्हणाले.

"पहिलंच का?"

"नऊ हायत."

बाईनं तोंडाला पदर लावला.

गाडी खड्ड्यांतून उडत होती. प्रत्येक खड्ड्याला गुरुजी दांड्याला धरून अर्धे उभे राहायचे. निम्म्या वाटेत स्वेटरच्या आतून बारीक आवाज आला. "चिव!"

जिवंत होतं! निदान एक तरी जिवंत होतं!

"चिव! चिव!"

शेजारचा माणूस म्हणाला, "मामा, तुमचा फोन वाजायलाय."

"वाजू द्या."

"उचला की. घरचा असंल."

आख्खी गाडी बघायला लागली. गुरुजींनी नाइलाजानं खिशातून फोन काढला आणि कानाला लावला. "हॅलो. हो. निघालोय. घाबरू नका. जरा दम धरा, आत्ता बाहेर येऊ नका. मी हाय नं!" स्वेटरमधला आवाज खरोखर थांबला. शेजारचा माणूस म्हणाला, "लय मायेनं बोलता तुमी घरच्यासंग."

दवाखान्यात अर्पिता नावाची नर्स दारात उभी होती. तिनं गुरुजींचा डोळा पाहिला, पोट पाहिलं.

"आजोबा, डोळा दाखवायचाय का पोट?"

"मी पेशंट न्हाई! मी नवरा हाय!"

"डोळा केवढा सुजलाय! आधी मॅडमना दाखवा," म्हणत तिनं त्यांना दंडाला धरून आत नेलं. आत सुलाबाई उजव्या डोळ्यावर पट्टी लावून स्टुलावर बसल्या होत्या, शेजारी सुकेशनी. डाव्या डोळ्यानं सुलाबाईंना सगळं धूसरच दिसायचं.

"आले का तुमी? जाड दिसायलाव जरा."

"थंडी लय हाय," गुरुजी म्हणाले.

डॉक्टरबाईंनी त्यांना मशीनपुढं बसवलं. "हनुवटी इथं टेकवा. पुढे या. अजून पुढे."

"येत न्हाई."

"अहो, या की थोडं." डॉक्टरबाईंनी खुर्ची मागून ढकलली. पोट टेबलाच्या कडेला लागणार तोच गुरुजी ओरडले, "थांबा!" आणि त्याच क्षणी आतून एकाच वेळी तीन-चार आवाज आले. चिव चिव चिव चिव!

डॉक्टरबाई दचकल्या. "अर्पिता, मशीन आवाज करतंय का?"

"नाही मॅडम. मशीन बंद आहे."

स्टुलावरून सुलाबाई म्हणाल्या, "हे मशीन न्हाई. हे पिल्लू हाय." त्यांनी हात पुढं केला. "माझी पट्टी काढा."

"आजी, एक मिनिट..."

"आधी काढा!"

पट्टी निघेपर्यंत गुरुजींनी उठून सदरा-स्वेटर वर गुंडाळला. सुलाबाईंनी दोनदा डोळा मिटला, उघडला. समोर सदरा-स्वेटर वर गुंडाळलेले, एका डोळ्याचे, दोन दिवस दाढी न केलेले पंडित गुरुजी उभे होते. पोटाला निळं लुगडं. लुगड्याच्या घडीतून फुटकं टरफल आणि त्यातून बाहेर आलेली ओली, चिमुकली चोच.

सुकेशनीनं कपाळाला हात लावला. अर्पिता तोंड फिरवून हसायला लागली.

"पेटीला हात लावलात," सुलाबाई म्हणाल्या.

"हो," गुरुजी म्हणाले. वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखे.

"माझं लुगडं घेतलंत."

"ते मऊ हाय."

सुलाबाईंनी लुगड्याची घडी बोटांनी चाचपली. मग विचारलं, "दोन दिस असेच ऱ्हायलाव?"

"व्हय."

"झोपलाव कसे?"

"बसून. आडवं झालं की भ्या वाटायचं."

सुलाबाई उठल्या. नवऱ्याच्या सुजलेल्या डोळ्याला बोटांनी हलकेच लावून पाहिलं. "लय दुखायलंय का?" आणि त्यांचा नवा डोळा भरून आला.

"आजी! रडायचं नाही!" डॉक्टरबाई ओरडल्या. "डोळ्याला आत्ता ताण नको!"

"मग ह्यांला बाहेर न्या," सुलाबाई म्हणाल्या. "ह्यांच्याकडं बघितलं की मला रडू यायलंय."

संध्याकाळपर्यंत सुकेशनीच्या घरी, बल्बखालच्या खोक्यात, सात पिल्लं झाली. दोन अंडी फुटली नाहीत. गुरुजी ती पुन्हा पुन्हा कानाला लावत बसले. शेवटी सुलाबाईंनी त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली आणि म्हणाल्या, "कोंबडीचीबी एवढीच निघतात. कवडीनं तरी काय वेगळं केलं असतं?"

चार दिवसांनी सगळं बिऱ्हाड बोरीला आलं. कवडी पत्र्यावरून उतरून, जणू काही झालंच नाही अशा तोऱ्यात सामोरी आली. सुलाबाईंनी पिल्लं तिच्यापुढं सोडली. पिल्लांनी कवडीकडं पाहिलं, कवडीनं पिल्लांकडं पाहिलं. आणि सातही पिल्लं वळून, धडपडत, गुरुजींच्या चपलांपाशी येऊन उभी राहिली.

तेव्हापासून हेच चाललंय. गुरुजी मेथीत गेले की पिल्लं मेथीत. गुरुजी वांग्यांत, तर पिल्लं वांग्यांत. गुरुजी खुरप्यानं माती उकरून किडे दाखवतात, कारण कुणीतरी दाखवायलाच हवं. गुरुजी संडासात गेले की सात जण दाराबाहेर असा आकांत करतात की सगळ्या आळीला कळतं, गुरुजी कुठं आहेत ते. व्यंकटराव कुडावरून आवाज देतात, "या लवकर! लेकरं रडायलीत!"

परवा सुकेशनीचा फोन आला. आईच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली होती.

सुलाबाई म्हणाल्या, "ह्या बारीला तुमी माझ्यासंगच चला. चार दिस राहू लेकीकडं. कोंबड्यांचं बायनाबाई बघंल."

गुरुजी खाली बसून तांदळाची कणी बारीक करत होते. एक पिल्लू त्यांच्या खांद्यावर चढलं होतं, दोन मांडीवर झोपली होती.

"मला कसं जमंल?" ते वर न बघताच म्हणाले. "माझी लेकरं अजून अंगावरची हायत!"

आणि आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत सुलाबाई पदरात तोंड लपवून घरात पळाल्या होत्या.