डावं पायडल

माझ्या मंडळीनं आणि मी जोडीनं केलेलं शेवटचं काम म्हणजे सायकलच्या दुकानात तक्रार घेऊन जाणं. लोक जोडीनं देवाला जातात. आम्ही भिंगारच्या बाजारात इमाम वस्तादाकडं गेलो. आणि त्याच्याकडं तक्रार करायची सोय नव्हती, हीच खरी अडचण.

मी दुसरीपर्यंत शिकलेला, लष्कराच्या गवताच्या गोदामात मुकादम. दिसतं ते बोलतो. वस्तादाच्या दुकानात हे चालत नसे. त्याच्या हातून गेलेली सायकल बिघडली असं कुणी म्हणालं की तो वाद घालायचा नाही. सायकल उचलायचा आणि छपराच्या आकड्याला उलटी टांगायचा. "तापलीया ती. थंड हू द्या." मग आठ दिवस नाही तर पंधरा दिवस. शाळेतल्या एका मास्तरांनी त्याला ब्रेक कसा लावतात हे पोरांना शिकवल्यागत शिकवलं. त्यांची सायकल दसऱ्याला टांगली, ती संक्रांतीला उतरली. तोवर मास्तर रोज चालत जाताना छपराकडं बघून जायचे.

मग गावानंच तोड काढली. दुकानात जायचं आणि म्हणायचं, "वस्ताद, सायकल तुमची आठवण काढतीय." काय मोडलंय ते सांगायचं नाही. तो डोळे मिटून चाक फिरवायचा, कान लावून ऐकायचा आणि मान डोलवायचा. "व्हय. काढतीय खरी." घटकाभरात सायकल नीट. त्यात पुन्हा गंमत अशी की हा माणूस स्वतः सायकलवर कधी बसला नाही. काम तपासायचं तर हँडल धरून शेजारनं पळायचा, पार वेशीपर्यंत. विचारलं तर म्हणायचा, "डाक्टर रोग्याच्या खांद्यावर बसतो व्हय?"

लढाईचे दिवस होते, विलायती सामान येत नव्हतं. माझं डावं पायडल मोडलं. डाव्या पायडलाच्या पेचाचे आटे उलटे असतात, तसलं कुठं मिळेना. वस्तादानं उजवंच घेतलं, सुतळी गुंडाळली आणि डावीकडं ठोकून बसवलं. चार दिवसांत ते डुगडुगायला लागलं.

मी निघालो तर मंडळी पदर खोचून उभी. "तुमी एकलं गेलात तर सायकल आकड्याला आन् दळन माझ्या डोक्यावर. मी बी येते."

दुकानात तिनं सुरुवात झकास केली. "वस्ताद, सायकल तुमची लई आठवन काढती बगा. आमच्या ह्यांचा पायच राकुसाचा. त्याला पायडल तरी काय करनार?"

वस्ताद खूश. "वैनी, तुमाला समजतं. तुमी ह्या मुकादमाला संभाळलंत, मग ही सायकल काय!"

मी म्हटलं, "पायडल कुठंय ह्यात? नुसती सुतळी हाय."

वस्तादाची नजर आकड्याकडं गेली. मंडळीनं मला दंडाला असा चिमटा काढला की त्याचा वळ चार दिवस होता. तोंडानं मात्र हसत म्हणाली, "ह्यांचं काय मनावर घेता! लग्नात मला बगून काडी म्हनले हुते. टिकले का न्हाई तीस वर्सं?"

वस्ताद खदाखदा हसला. जुनी सुतळी काढून नवी गुंडाळली, वरनं ठोकलं, आणि सायकल घेऊन वेशीपर्यंत पळून आला. घरी येताना ती सायकलच्या पलीकडनं चालत होती. म्हणाली, "दोन शबुद बरं बोलायला काय गवताचा भारा उचलावा लागतो का?" मी दंड चोळत होतो.

हा सोमवार. गुरुवारी दुपारी तिच्या पोटात कळ आली. ती ओरडणारी बाई नव्हती, त्या दिवशी ओरडली. शेजारणीला बसवलं आणि डॉक्टर आणायला नगरला निघालो. अर्ध्या वाटेत पायडल गळून पडलं. एका पायानं मारून बघितलं, आपटलो. सायकल लिंबाला टेकवली आणि पळालो. त्या वयातलं पळणं ते काय! टांग्यातून डॉक्टरांना घेऊन आलो तेव्हा तिची वाचा गेली होती. उन्हं उतरायच्या आत ती गेली. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासानं काही फरक पडला नसता. डॉक्टर असं म्हणतात. मी पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी तिला पोचवून आलो, तेव्हाच मनाशी ठरलं होतं. उजाडलं की वस्तादाच्या दुकानात जायचं आणि चार माणसांत सांगायचं, तुझ्या सुतळीनं माझी बायको नेली. मग टांग सायकल कुठं टांगायची ती.

सकाळी दार उघडलं तर वस्तादच दारात. एका हातानं माझी सायकल धरलेली, दुसऱ्या मुठीत पायडल. रस्त्यावरनं शोधून आणलं असणार. किती वेळ उभा होता कोण जाणे, कडी वाजवली नव्हती. आत ये म्हटलं तर आला नाही. माझ्याकडं न बघता म्हणाला, "मुकादम, हे कवा निघालं? डाक्टरकडं जाताना, का येताना?"

ठरवलेलं सगळं ओठावर होतं. पण त्याच्या मुठीतलं पायडल खुळखुळ वाजत होतं, आणि ते त्याला थांबवता येत नव्हतं.

"येताना," मी म्हटलं. "डॉक्टर टांग्यातनं पुढं आले. मी सायकलवर मागनं येत हुतो, तवा निघालं."

"खरं सांगा."

"वस्ताद, कुणाला बरं वाटावं म्हणून मी कधी बोललोय का?"

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग अंगणातच उकिडवा बसला आणि नखानं सुतळी सोडवायला लागला. सायकल हलू नये म्हणून मी हँडल धरून उभा राहिलो.