अकरा छत्र्या आणि एक लाल ठिपका

"आठ दिवसांत चोर हजर करते!" धाकटीने छातीठोकपणे जाहीर केलं. विद्यापीठात गुन्हे विश्लेषण शिकायला लागून उणेपुरे तीन महिने झाले होते, पण आव असा, जणू शहरातले निम्मे चोर तिला विचारूनच बाहेर पडतात!

इमारतीत दारांबाहेर वाळत ठेवलेल्या छत्र्या गायब होत होत्या. महिन्यात अकरा! धाकटीला प्रकल्पाला विषय हवाच होता. तिने टॅबवर तक्रारीचा फॉर्म बनवला, टॅब फाटकावरच्या वॉचमनकाकांकडे दिला आणि बजावलं, "इथेच भरून घ्या. टॅब जागचा हलता कामा नये!"

आठव्या दिवशी नकाशा तयार. सगळी इमारत कोरी, आणि वॉचमनच्या केबिनवर हा भलामोठा लाल ठिपका!

सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे धाकटीचे बाबाच. त्यांनी तडक सभा बोलावली. "नऊ वर्षं विश्वास ठेवला! उद्यापासून कामावर येऊ नका!"

काकांचा चेहरा पडला. पण धाकटीच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. खुर्ची न सोडणारा माणूस चौथ्या मजल्यावरची छत्री नेईल कशी? आणि अकराच्या अकरा ठिपके एकाच जागी?

"काका, सगळे फॉर्म कुठे भरलेत?"

"केबिनमध्येच. तुम्हीच सांगितलं होतं ना, ताई!"

धाकटीने कपाळावर हात मारला. फॉर्म जागेची नोंद टॅबच्या जीपीएसवरून आपोआप घेत होता. चोरी कुठेही होवो, ठिपका उमटणार टॅब असेल तिथेच!

"थांबा!" ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "हा नकाशा चोरीचा नाही, तक्रारींचा आहे. काकांचा काही दोष नाही. चूक माझी आहे."

काकांनी डोळे पुसले. धाकटीची उत्सुकता मात्र गप्प बसेना.

"पण काका, फाटकातून छत्र्या नेताना तुम्हाला कोण दिसतं?"

काकांनी चाचरत अध्यक्षांकडे पाहिलं. "साहेबच. दर वेळी वेगळी छत्री असते. संध्याकाळी येतात ते रिकाम्या हाताने."

"अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुमच्या फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता, ताई."

सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. बाबा गोंधळले. "जिन्यात हाताला येईल ती घेतो आणि ऑफिसात विसरतो, हे खरं. पण त्या आपल्या नव्हत्या?"

मागच्या रांगेतून आई उठली. "आपल्या घरात छत्री एकच आहे. तीही मी तुमच्यापासून कुलपात ठेवते!"