गुणवंतराव रडले ते चित्र

आरमोरीत सिनेमाचं परीक्षण लिहिणारा माणूस एकच होता आणि तो आपण आहोत, याचा गुणवंतरावांना रास्त अभिमान होता. दिवसा ते सागवानाच्या डेपोत लाकडाची प्रत ठरवायचे. ओंडक्यावर हातोडी टिचकवायची, कान लावायचा आणि पहिली, दुसरी की तिसरी प्रत ते सांगून मोकळं व्हायचं. ठेकेदारानं चहा पाजला म्हणून पोकळ ओंडका कधी भरीव झाला नाही. हाच न्याय ते सिनेमालाही लावत. चांद्याच्या साप्ताहिकात त्यांचा मजकूर छापून यायचा आणि प्रत्येक चित्राला शेवटी प्रत मिळायची.

"माया लिहिण्याचा कोणाले राग येईल," ते पानठेल्यावर सांगत, "पण गुणवंता खोटं बोलला, असं कोणी म्हणून दाखवावं."

कोणी म्हणत नसे. एक तर ते खरंच बोलत, आणि दुसरं म्हणजे साप्ताहिक वाचणारेच चारसहा जण होते.

धान कापून झालं की अयूबचा सिनेमाचा तंबू गावाबाहेर लागायचा. त्या वर्षी त्यानं एक रडकं चित्र आणलं. एक गाडीवान पोरीच्या लग्नापायी आपला पांढरा बैल विकतो आणि तो बैल नव्या मालकाचं दावं तोडून, नदी पोहून, ऐन लग्नाच्या मांडवात परत येतो. गुणवंतरावांनी नेहमीप्रमाणे स्वतःच्या पैशानं तिकीट काढलं. अयूब फुकट पास घेऊन मागं लागला होता, पण पास घेतला की हातोडीचा आवाज बदलतो, असं त्यांचं म्हणणं. ते खुर्चीवर बसले. सुगंधाबाई कनातीपलीकडे बायकांत जाऊन बसल्या.

अर्ध्या चित्रातच गुणवंतरावांना खोट सापडली. विकताना बैलाची शिंगं वाकडी होती आणि नदीत शिरताना सरळ झाली. म्हणजे बैल दोन होते. त्यांना फार बरं वाटलं. आता ते निर्धास्तपणे खुर्चीत रेलले.

आणि तिथंच घात झाला. बैल मांडवात आला, त्यानं गाडीवानाच्या खांद्यावर मान टेकली, आणि गुणवंतरावांचे डोळे भरून आले. अंधार होता, म्हणून त्यांनी धोतराचा सोगा तोंडाला लावला आणि मोकळे झाले. पण अयूबकडे यंत्र एकच. रीळ संपलं की दिवा लावून दुसरं चढवावं लागे. नेमकं तेव्हाच रीळ संपलं. भप्पकन दिवा लागला आणि अख्ख्या तंबूनं पाहिलं, की खुर्चीवर बसून डेपोचे गुणवंतराव हुंदके देऊन राह्यले.

"काय झालं, भाऊ?" पुढं जमिनीवर बसलेल्या पोचूनं विचारलं. तो गुणवंतरावांच्या शेजारचा शेतकरी.

"डोळ्यात माती गेली."

"दोन्ही डोळ्यांत?"

गुणवंतरावांनी सोगा दोन्ही डोळ्यांवरून फिरवला.

परीक्षण मात्र त्यांनी चोख लिहिलं. कथा ओढूनताणून, गाणी नको तिथं, आणि मुख्य म्हणजे बैल दोन. प्रत तिसरी. अंक बाजाराच्या दिवशी आरमोरीत पोचला आणि संध्याकाळच्या आत अयूब तो हातात घेऊन डेपोत हजर.

"गुणवंतभाऊ, तुमी लिवलं ते बरोबर हाय," तो म्हणाला. "शिंगाचं तर मलेबी माहीत होतं. पन तुमी रडले, ते काऊन नाई लिवलं?"

"रडणं माया खासगी मामला आहे."

"मंग शिंगं बैलाचा खासगी मामला नाई का?"

गुणवंतरावांनी हातोडी खाली ठेवली. "हे पाय अयूब, चित्र चांगलं असणं वेगळं आणि मले आवडणं वेगळं. परीक्षणात मायी आवड आली तर तो अन्याय होईल."

"हाव ना. मंग तुमी चित्राचं सांगा, मी तुमचं सांगतो," अयूब म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची जाहिरातीची बैलबंडी भोंगा लावून गावभर फिरली. "ज्या चित्राले आपल्या गुणवंतभाऊनं तिसरी प्रत देली, अन् जे चित्र पाहून गुणवंतभाऊ सोता ढसाढसा रडले, ते चित्र आज सांजच्याले!"

गुणवंतराव संतापून उठले आणि पुन्हा बसले. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

"आता काय कराचं?" त्यांनी सुगंधाबाईंना विचारलं.

"काई नोका करू. रडले तर रडले. मीबी रडलो."

पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पुन्हा जायचं, सगळ्यांसमोर बसायचं आणि कोरड्या डोळ्यांनी घरी यायचं, असं त्यांनी ठरवलं. हे त्यांनी पानठेल्यावर जाहीरही केलं. झालं, बातमी ब्रह्मपुरीपर्यंत गेली. त्या संध्याकाळी तंबूबाहेर बैलबंड्यांची जत्रा भरली. गुणवंतराव ताठ मानेनं आत शिरले, तेव्हा त्यांना मारबतीच्या मिरवणुकीतल्या, जाळायला नेलेल्या पुतळ्यासारखं वाटलं.

चित्र सुरू झालं. बैल विकला गेला, तसे जमिनीवरचे लोक हळूहळू वळायला लागले. बैल नदीत उतरेपर्यंत सगळ्या तंबूची पाठ पडद्याकडे आणि तोंड गुणवंतरावांकडे होतं. कनात वर करून बायकाही पाहत होत्या. गुणवंतरावांनी दात आवळले. त्यांनी सरळ शिंगांवर नजर रोवली आणि मनात घोकत राहिले, हा तो बैल नाही, हा तो बैल नाही. बैल मांडवात आला. त्यानं मान टेकली. गुणवंतरावांच्या डोळ्यांत टिपूससुद्धा नव्हतं. जिंकलो, असं त्यांना वाटलं आणि विजयी मुद्रेनं त्यांनी खाली पाहिलं.

समोर पोचू बसला होता. त्याला पडदा दिसत नव्हता, नुसत्या बैलाच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. त्याच्या गालांवरून धारा लागल्या होत्या. त्याच्या शेजारच्याच्याही, आणि त्याच्या मागच्याच्याही. पाठमोरा सगळा गाव बैलासाठी रडत होता आणि गुणवंतरावांकडे आशेनं पाहत होता.

गुणवंतरावांनी सोगा शोधला. तो वेळेवर सापडला नाही.

त्यांनी दुसरं परीक्षण पाठवलं आणि ते आयुष्यातलं सर्वांत सरळ लिखाण आहे, असं ते पुढं कायम सांगत. "चित्र तिसऱ्याच प्रतीचं आहे. परीक्षक दोनदा रडला. एक चित्राबद्दल आहे, दुसरं परीक्षकाबद्दल. वाचकांनी दोन्ही ध्यानात घेऊन तिकीट काढावं." असं कबूल करणारा परीक्षक मुंबईतसुद्धा नसेल, या विचारानं त्यांची छाती फुगली. अयूबच्या तंबूचा मुक्काम त्या चित्रावर लांबला आणि त्यानं जन्मभराचा पास देऊ केला. गुणवंतरावांनी तो परत केला.

पुढचं चित्र आलं, ते मात्र अस्सल होतं. गाणी नाहीत, माणसं कमी बोलणारी, खोट एक नाही. गुणवंतरावांनी हात आखडता न घेता पहिली प्रत दिली. अयूबनं भोंग्यावरून तसं सांगितलं. लोकांनी बंडी थांबवून विचारलं, "गुणवंतभाऊ रडले का?" तो म्हणाला, "नाई." लोक म्हणाले, "मंग काऊन जाचं?"

त्या संध्याकाळी तंबूत गुणवंतराव होते, सुगंधाबाई होत्या आणि दारातून आलेली एक शेळी होती. कनातीपलीकडे बायकाच नसल्यामुळे सुगंधाबाई नवऱ्याशेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. अयूब वाकत वाकत आला.

"भाऊ, थोडंसं रडता का? भायेर आवाज जाईन असं."

"खोटं रडणं मायाच्यानं होणार नाई," गुणवंतराव पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. त्या क्षणी त्यांना स्वतःचा फार अभिमान वाटला.

सुगंधाबाईंनी जांभई आवरली. "मंग मी रडू का, अयूबभाऊ? हे चित्र पाहून मले मघापासून रडूच येऊन राह्यलं."